प्रार्थनेसाठी सांगितलेली गोष्ट

बुधवारी दुपारी चर्चमधल्या बायकांची प्रार्थनासभा पाळकबाईंच्या बैठकीच्या खोलीत भरायची. गोलाकार मांडलेल्या खुर्च्यांवर बसून प्रत्येकीने आपला प्रार्थनेचा विषय सांगायचा. मंडळीतल्या दोन जावांपैकी मोठी, शिवणकाम करणारी, कित्येक दिवस एकच विषय सांगत आली होती, गुडघा. ती बोलू लागली की कुणी चष्मा पुसायची, कुणी पर्समध्ये काहीतरी शोधायची. "माझा गुडघा आता देवालाही पाठ झाला असेल," असं म्हणून ती स्वतःच हसायची. पण ते तिला लागायचं.

तिची धाकटी जाऊ चष्म्याच्या दुकानात कामाला होती आणि रविवारी उपासनेत पेटी वाजवायची. उन्हाळ्यात तिचं बाळ पोटातच गेलं. त्यानंतर तिने एकही उपासना चुकवली नाही. विश्वास असावा तर असा, असं मंडळीत जो तो म्हणायचा.

एकदा ती कपडे घेऊन मोठीकडे आली. दिवस गेल्यावर उसवून सैल केलेल्या शिवणी पुन्हा आत घ्यायच्या होत्या. मोठी ओठांत टाचण्या धरून तिच्या कमरेशी कापड चिमटीत पकडत होती.

"ताई," धाकटी भिंतीकडे बघत म्हणाली, "मला प्रार्थना जमत नाही आता. डोळे मिटले की नुसता राग येतो. पेटीवर बोटं चालतात, बाकी आत काही नाही."

मोठीने टाचण्या काढून ठेवल्या आणि तिला जवळ घेतलं. "रड तू. हे माझ्या पोटात राहील."

म्हणताना ते अगदी मनापासून होतं.

बुधवारी मोठीची सांगायची पाळी आली. गुडघा जिभेवरच होता. पण सभेतल्या एक निवृत्त शिक्षिका आधीच जांभई दाबत होत्या, ते तिने पाहिलं.

"आपल्यातल्या एका बहिणीसाठी प्रार्थना करू या," ती म्हणाली. "तिचा विश्वास डळमळलाय. नाव नाही सांगत."

सगळ्या तिच्याकडे वळल्या. "नाव नकोच," शिक्षिकाबाई म्हणाल्या, "पण काय झालंय ते कळलं, तर नेमकी प्रार्थना करता येईल."

मोठीने थोडं सांगितलं. मग आणखी थोडं. बाळाचा विषय निघाला तेव्हा नावाची गरजच उरली नाही. त्या दिवशी तिच्याइतक्या कळकळीने प्रार्थना कुणीच केली नाही. ती रडलीसुद्धा. घरी जाताना तिला फार हलकं वाटलं आणि ती त्याबद्दल देवाचे आभार मानत गेली.

गोष्ट षट्कर्णी व्हायला रविवार पुरला. बायकांनी धाकटीचा हात नेहमीपेक्षा जास्त वेळ धरून ठेवला. एकीने तिच्या कानाशी म्हटलं, "आम्ही तुला रोज आठवतोय हं." मग पाळक तिच्या घरी गेले. मऊ स्वभावाचा माणूस. म्हणाले, "मुली, काही दिवस पेटीला विश्रांती दे. ओठांवर एक आणि मनात एक, असं प्रभूसमोर नको."

ती तशीच उठून मोठीकडे आली. उंबऱ्यातच थांबली.

"तुम्ही सांगितलंत?"

"अगं, प्रार्थनेसाठी सांगितलं. तुझ्या भल्यासाठीच."

"मला देवाला सांगता येत नव्हतं," धाकटी म्हणाली, "म्हणून तुम्हाला सांगितलं होतं."

पुढच्या रविवारपासून धाकटी उपासनेला येईना आणि तिचा नवराही येईना. गाणी पेटीशिवाय व्हायला लागली. पुरुष एका पट्टीत, बायका दुसऱ्या. आणि बुधवारी बायका जपून बोलू लागल्या. कुणाचा खोकला, कुणाच्या भाच्याची परीक्षा, कुणाचा प्रवास. जिचा नवरा घर सोडून गेल्याचं सगळ्यांना माहीत होतं, तिनेही सर्दीसाठीच प्रार्थना मागितली.

एक दिवस पाळकबाई बाह्यांचं माप द्यायला आल्या. फीत दंडाभोवती असतानाच त्या हळूच म्हणाल्या, "तुम्हाला एक सांगू का? घरात बरेच दिवस..." मग त्यांची नजर मोठीच्या चेहऱ्यावर गेली. "काही नाही. बाही जरा सैलच ठेवा."

त्या गेल्यावर मोठीच्याने मशीन चालवेना. त्या बुधवारी ती सभेत उभी राहिली. "मी जावेची गोष्ट प्रार्थनेसाठी सांगितली नव्हती," ती म्हणाली. "तुम्ही माझं ऐकावं म्हणून सांगितली."

शिक्षिकाबाईंचे डोळे भरून आले. "किती हा नम्रपणा. असं कबूल करायला धैर्य लागतं." एकीने तिचा खांदा थोपटला, दुसरीने पाणी दिलं. सगळ्या तिच्याकडे बघत होत्या. मोठीला पुन्हा तेच हलकं हलकं वाटू लागलं. या खेपेला तिने ते ओळखलं. पाण्याचा पेला तसाच ठेवून ती बाहेर पडली.

पाय चष्म्याच्या दुकानाकडे वळले. धाकटी काउंटरमागे भिंगाची कड घासत होती. वाटेत मोठीने मनात सगळं जुळवलं होतं, मी सर्वांसमोर कबूल केलं, मी उभी राहिले. आता धाकटीसमोर उभं राहिल्यावर तिला कळलं, की इथेही आपण आपलीच गोष्ट सांगायला आलो आहोत.

"काही काम होतं?" धाकटीने मान वर न करता विचारलं.

"नाही."

धाकटीने भिंग घासायचं मशीन पुन्हा चालू केलं. मोठी तिथेच उभी राहिली. मनातल्या मनात तिने देवाला हाक मारून पाहिली, पण शब्द जुळला की तो कुणालातरी ऐकवण्यासारखाच वाटे. एक गिऱ्हाईक आत आलं, तेव्हा ती वाट देण्यासाठी बाजूला सरली आणि तशीच दाराबाहेर निघाली. धाकटीने तिला थांबवलं नाही.