शून्याला लावलेलं जाळं

तीस वर्षं झाली, कल्याणच्या बाजारात माझं रिपेअरिंगचं दुकान आहे. मिक्सर, टीव्ही, चार्जर, रिमोट, जे येईल ते उघडते. त्यामुळे कुणी म्हणालं की अमुक डबी भिंतीला चिकटवा, वीजबिल अर्धं होईल, किंवा तमुक कपॅसिटर लावा, फुकट करंट येईल, की माझं डोकंच फिरतं. गिऱ्हाईक असलं तरी मी ऐकवते. म्हणते, आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? लोक मला तोंडाळ म्हणतात, म्हणोत बापडे.

पण आमच्या दाजींना मी सुरुवातीला काहीच ऐकवू शकले नाही.

दाजी म्हणजे काळुराम, माझ्या थोरल्या बहिणीचा, हौसाबाईचा नवरा. हौसाबाईला मी बाय म्हणते. कोलशेतला खाडीच्या काठावर त्यांचं घर. दाजींनी उभा जन्म खाडीत घालवला. पण खाडीत आता मासळी राहिलीय कुठे? जाळं टाकावं तर पिशव्या आणि चपला येतात. दोन वर्षांपूर्वी त्यांनी जाळी गुंडाळून माळ्यावर टाकली, होडी चिखलात रुतून बसली आणि दाजी वसरीवर बसले. बाय बाजारात बसून सुकी मासळी विकते, तेवढाच त्या घराला खाडीचा वास. रिकाम्या हातांचा माणूस फार वाईट दिसतो हो. बोटं मांडीवर आपली हलत असायची, नसलेल्या जाळ्याच्या गाठी मारत.

तर हे दाजी दिवाळीनंतर दर पंधरवड्याला माझ्या दुकानात यायला लागले. जळलेल्या मोटारींची, पंख्यांची तांब्याची तार मागायचे. मी म्हटलं, असेल काहीतरी, वेळ जातोय माणसाचा, आणि देत गेले. काय करताय हे विचारलं नाही. तिथेच चुकलं माझं.

माघात बायचा फोन आला. "मंजुला, अगो जरा येऊन जा. ह्यांनी हवंला जालां लावलाय."

मी गेले. दुपार कलायला आलेली. खाडीवरून मोठ्या विजेच्या तारा जातात, टॉवरवरून टॉवरवर, बरोबर त्यांच्या वाळवणाच्या बांबूंवरून. पूर्वी जिथे बोंबील टांगायचे तिथे दाजींनी तांब्याचं जाळं टांगलं होतं. बोटभर भोकांचं, अंगणाएवढं मोठं, एकूण एक गाठ हाताने मारलेली. उतरत्या उन्हात ते असं काही दिसत होतं की मी बोलायचंच विसरले. वारा आला की अख्खं जाळं हलायचं आणि खाली चिखलावर तांबूस ठिपके सरकायचे. वर तारा मधमाश्यांसारख्या गुणगुणत होत्या. मला वाटलं आपण झोपेतच आहोत आणि कुणीतरी आपल्याला हे दाखवतंय.

जाळ्याच्या एका टोकाला लोणच्याची रिकामी बाटली. तिच्यात चार डायोड आणि एक एलईडी. तिथून दुसरी तार निघून एका लोखंडी सळईला गेलेली. दाजींनी सळई ओल्या चिखलात खुपसली आणि ओंजळीने बाटलीवर सावली धरली.

"बग."

एलईडी पेटला होता. अगदी मंद. काजवा दमून बसला तर दिसेल, तेवढाच.

"ना सेल, ना मीटर," दाजी हळूच म्हणाले, देवळात बोलतात तसे. "नातीच्या फोनवर बगितला मी. झिरो पॉइंट एनर्जी. जिथं कायच नाय, तिथं पन ताकद भरलेली आसते. यो डायोड तिला ओढून घेतो. फक्त धरायला जालां बारीक पायजे. त्या फोनवरच्या सायबांना जालां कुठं इणता येतंय? मना येतंय."

दोन वर्षांत त्यांच्या तोंडावर मी असा उजेड पाहिला नव्हता. आणि मी वर बघितलं, त्या तारांकडे. मला लगेच कळलं की हा करंट शून्यातला नाही, त्या तारांचा आहे. एवढ्या मोठ्या दाबाच्या तारेखाली धातू टांगला, की न शिवताही त्यात थोडी वीज उतरते. जाळंच कशाला, पत्र्याचा तुकडा टांगला असता तरी हेच झालं असतं.

हे मी लगेच बोलले नाही. चहा प्यायले. मग ते म्हणाले, "जालां वर नेला की जास्त पेटतो. वर शून्य दाट हाय. पुनवेच्या उधाणाला होडी चिखलातनं उचलंल. डोलकाठीला जालां बांधून मधोमध नेतो, तारा झुकल्यात ना, तिथं."

मी कप खाली ठेवला. उधाणाच्या पाण्यावर होडी, तिच्यावर डोलकाठी, डोलकाठीवर तांब्याचं जाळं, आणि वर तार. ती तार शिवावी लागत नाही, जवळ गेलं तरी करंट उडी मारतो. दाजींचा कोळसा झाला असता, आणि पुनव आठ दिवसांवर होती.

मग मात्र मी तोंड सोडलं. "अहो दाजी, डायोड काही ओढत-बिढत नाही! तुमच्या खारीच्या बांधाला उघाडी असते ना, पाणी एकाच बाजूला जाऊ देणारी फळी? तसा आहे तो. उघाडी पाणी आणते का? भरती येते म्हणून पाणी येतं. तुमची भरती त्या वरच्या तारेत आहे!"

"मंग सायन्सवाले खोटा बोलतात?"

"शून्यात ताकद असते, हे खरंय. पण ती सगळ्यात तळातली. पाणी वरून खाली वाहतं. सगळ्यात खालच्या डबक्यातलं पाणी वाहून जाणार कुठे? तिला आणखी खाली जागाच नाही, म्हणून ती आपल्या हाती येत नाही."

दाजी हसले. लहान पोरीकडे बघून हसावं तसे. "तू दुकानातली इंजिनेर हायस गो. पन मी रिकाम्या पान्याकडं चालीस वरसं बगितलाय. वरनं कायच दिसत नाय आनि खाली घोल मासा आसतो."

बायने पदराने डोळे पुसले. मीही हट्टी. म्हटलं, "बरं. शून्य सगळीकडे असतं ना? का ते कोलशेतलाच भाड्याने राहतं? रविवारी आपण खडवलीला जाऊ. नदीकाठी, तारांपासून लांब. तिथे पेटला तर तुमची डोलकाठी मी स्वतः धरीन. नाही पेटला तर जाळं खाली उतरवायचं, होडी काढायची नाही. बोला."

"बोललो," दाजी म्हणाले. कोळ्याचा शब्द, तो मोडत नाहीत.

रविवारी दोघं आधी माझ्या दुकानात आली. दाजींच्या खांद्यावर चादरीत बांधलेलं जाळं, बायच्या पिशवीत ती बाटली. मी चहा सांगायला बाहेर गेले, बाय काउंटरपाशी बसून राहिली. मग आम्ही कसाऱ्याची गाडी धरली. दाजी खिडकीतून शेतं बघत होते. एकदा म्हणाले, "हिकडचा शून्य ग्वाड्या पान्यातला. जरा हलका आसंल." खरं सांगू, मला जिंकायची घाई नव्हती. हा माणूस आज हरणार आणि परत वसरीवर बसणार, आणि त्याला तिथे मी बसवणार, एवढंच डोक्यात घोळत होतं.

खडवलीला उतरून आम्ही भातसा नदीच्या काठाने लांब चालत गेलो. आंघोळीला आलेली माणसं मागे राहिली, रेल्वेच्या तारा मागे राहिल्या. एका वळणावर नुसती वाळू, गोटे आणि संथ पाणी. सूर्य झाडांमागे गेलेला. दाजींनी जाळं उलगडलं, करंजाच्या दोन फांद्यांना टांगलं. पाण्यात दुसरं जाळं दिसायला लागलं, उलटं, खाली खोल टांगलेलं. एक खंड्या आला, जाळ्यावर बसला, आणि आपलंच आहे असं समजून पाण्याकडे बघत राहिला. मलाच वाटायला लागलं की एवढं सुंदर काही टांगलंय, तर काहीतरी येऊन अडकायला काय हरकत आहे?

"हौसे, बाटली," दाजी म्हणाले.

"लावते मी. तुमी सलई रोवा." बाय आमच्याकडे पाठ करून जाळ्याच्या टोकाशी वाकली. बराच वेळ तिचं काहीतरी चाललं होतं. मग ती बाजूला झाली.

आणि एलईडी पेटला!

मंद नाही, चांगला लख्ख, पांढरा. बाटली चंद्राच्या पिल्लासारखी दिसत होती. आई एकवीरे, मी म्हटलं, असेल की काय! तीस वर्षं मी बोर्ड उघडतेय, सोल्डरच्या धुरात माझे डोळे गेले, आणि ज्याला मी तळाचं डबकं म्हटलं ते आज माझ्यासमोर वाहतंय! लाज वाटली, आणि काय सांगू, आनंदही झाला. वाटलं, हरले तर हरले बाई. या माणसाची बोटं जिंकली. मला रडूच आलं.

दाजी मात्र हलले नाहीत. ते बाटलीकडे बघत होते, मग स्वतःच्या हाताकडे. सळई अजून त्यांच्या हातातच होती. त्यांनी ती वाळूत रोवलीच नव्हती.

सळई जमिनीत गेल्याशिवाय करंटला वाटच नसते. मी इंजिनेर, आणि मला ते दिसलं नाही.

दाजी सावकाश जाळ्यापाशी गेले. बाटलीत दोन बोटं घालून त्यांनी चाचपलं. एलईडीच्या दोन पायांमध्ये एक गोल सेल होता, माझ्या काउंटरवरच्या डब्यातला, नायलॉनच्या दोऱ्याने घट्ट बांधलेला. एलईडी चालतो का बघायला मी असाच सेल त्याच्या पायांत धरते, हे बायने शंभरदा पाहिलेलं. दाजींनी दोऱ्यावरून अंगठा फिरवला.

"ही माजी गाठ नाय," ते म्हणाले. "ही सुक्या वाकट्यांची जुडी बांदतात ती गाठ. हौसे, ही तुजी."

बायची मान खाली गेली. मला तर असा संताप आला! मी हिच्यासाठी एवढा घाट घातला, तिच्या कुंकवासाठी, आणि ही माझाच सेल चोरून माझंच म्हणणं खोटं पाडते? "अगं बाय, तुला अक्कल आहे का?" मी ओरडले. "हे त्यांना खरं वाटलं असतं तर ते पुनवेला डोलकाठी घेऊन गेले असते ना!"

"कशाला गेले असते?" बाय उसळून म्हणाली. "हितं पेटतो, खाली, हाताला येल तिथं. मंग त्या तारंखाली मराला जायची गरजच काय? वसरीवर टांगला असता. बसले असते बगत." मग तिचा आवाजच फाटला. "नाय पेटला आसता तर ह्यांचा तोंड कसा झाला आसता, ता तुला नाय बगाचा मंजुला. मना बगाचा हाय. रोज."



दाजी खाली वाळूत बसले. नदीकडे बघू लागले. पाण्यातलं उलटं जाळं आता काळं झालं होतं, फक्त बाटलीचा ठिपका तेवढा खाली हलत होता.

"मंजुला," ते म्हणाले, "म्हंजे कोलशेतचा तो तारंचाच?"

"हो दाजी. तारेचाच."

"आनि जालां इनला नसता, नुसता पत्रा टांगला आसता, तरी?"

हा प्रश्न येऊ नये म्हणून मी त्या दिवसापासून देवाला विनवत होते. मी गिऱ्हाइकाशी खोटं बोलत नाही, आणि दाजी तर घरचे. "तरीही पेटला असता," मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली. तीन महिन्यांच्या गाठी, आणि त्यांनी नुसती मान हलवली. मला वाटलं आता हा माणूस इथून उठणारच नाही.

"पुनवेला होडी नाय काढत मी," शेवटी ते म्हणाले. "शब्द दिलेला."

बायने डोळे मिटून घेतले. मी पुढे झाले, म्हटलं निदान हे बंद तरी करावं, आणि सेल काढायला बाटलीकडे हात नेला. दाजींनी माझा हात धरला.

"र्‍हाऊ दे." त्यांनी बाटली सोडवून मांडीवर घेतली. उजेड त्यांच्या बोटांतून येत होता, बोटं लालसर दिसत होती, आणि पहिल्यांदाच ती शांत होती. "यो सेल किती दिस पुरंल?"

"दोन दिवस," मी म्हटलं. "फार तर तीन. मग मंद होत जाईल आणि विझेल."

"मंग?"

मी काही बोलायच्या आत बाय त्यांच्या शेजारी वाळूत बसली.

"मंग मी दुसरा लावीन," ती म्हणाली.