धुरपदाबाईंचं बोलणं, जसंच्या तसं

१९६६ साली जळकोटजवळ दुष्काळी कामावर तलाव बांधायला घेतला होता. मजुरीत पैशांबरोबर परदेशातून मदत म्हणून आलेला गहूही मिळायचा. मी तेव्हा जळकोटच्या शाळेत शिकवत होते. वडील तुळजापूरला पुजारी, आणि घरातच काय, आसपासही इंग्रजी घेऊन बी.ए. झालेली मी एकटीच. म्हणून मदत देणाऱ्या संस्थेचे गोरे साहेब काम बघायला येणार ठरल्यावर दुभाषी म्हणून मला बोलावणं आलं.

मजुरांची युनियन होती. धुरपदाबाई तिच्या अध्यक्ष. पन्नाशीच्या, अंगठा उठवणाऱ्या, पण त्यांच्या शब्दाबाहेर कामावरचं कुणी जात नसे. कामावरच्या अधिकाऱ्यांनी त्यांच्यासाठी आभाराच्या चार ओळी लिहून दिल्या होत्या. आदल्या दिवशी दुपारच्या सुट्टीत त्या मी युनियनला वाचून दाखवल्या. त्यात 'आम्हा गरिबांवर दया केलीत' असं होतं.

बलभीम नावाचा तरुण मजूर म्हणाला, "असला गहूच नको आपल्याला."

"गहू का नको?" धुरपदाबाई म्हणाल्या. "लेकरं खात्यात. पण दया कशाची? दिसभर माती वाहतो आपण. देणाऱ्याचं नाव घेऊ, अन् आपलं म्हणणंबी सांगू."

साहेब आले. उंच, उन्हानं लाल झालेले. धुरपदाबाई पदर खोचून पुढं झाल्या.

"साहेब, तुमच्या लोकांनी धान्य धाडलं, त्याची आमाला जाण हाय. पण ही भीक न्हाय, आमच्या कामाचा दाम हाय. दुसरं, तलाव कुठं बांधायचा हे आमाला कुणी इचारलं न्हाय. ह्या बांधाखाली जुन्या वढ्याची वाळू हाय. पाणी खालनं निसटंल. कामाच्या कमिटीत आमची दोन माणसं घ्या."

अधिकारी माझ्या कानाशी आले. "बाई, एवढंच सांगा, की त्या आभार मानतायत."

माझी नोकरी नवी होती. तरी मी एकेक वाक्य घेऊन सगळं इंग्रजीत सांगितलं. दामाचं सांगितलं, वाळूचं सांगितलं, कमिटीचंही.

साहेबांनी बांधाकडे पाहिलं. मग म्हणाले, "वाळू कुठं आहे ते दाखवतील का?"

बलभीमनं आणि आणखी तिघांनी बांधाच्या पायात खड्डा घेतला. पुरुषभर खोल गेल्यावर काळी माती संपली आणि कुदळीला भुसभुशीत, पांढरट वाळू लागली. अधिकाऱ्यांनी मूठभर हातात घेतली, बराच वेळ चोळली.

"बाई, हे आधी का नाही सांगितलंत?" त्यांनी धुरपदाबाईंना विचारलं.

"तीनदा सांगितलं, साहेब. मुकादमानं तुमच्यापर्यंत पोचू दिलं न्हाय."

अधिकारी माणूस वाईट नव्हता. आठवड्याभरात बांधाची रेघ दोनशे हात वर, खडकावर सरकली. युनियनची दोन माणसं कमिटीवर आली, बलभीम आणि धुरपदाबाई. सभेचे कागद मराठीत मोठ्यानं वाचल्याशिवाय धुरपदाबाई अंगठा देत नसत. वाचायला मी जायचे.

पुढच्या पावसाळ्यात तलाव भरला, आणि पाणी उन्हाळ्यापर्यंत टिकलं. कोणी पाहुणा आला की बलभीम त्याला बांधावर नेऊन सांगायचा, "गहू त्यांचा, पर तळं आमचं."