जगदेवच्या राखेवरचा आंबा

सोजरबाईने वाकून करपलेल्या कलमाच्या खोडाला नाक लावलं. तणनाशकाचा वास काही येईना. पण वास आला नाही म्हणजे लखन सुटला, असं मानणारी बाई ती नव्हे.

नवरा, जगदेव, गेला तेव्हा त्याची राख तिने नदीवर न नेता वावरात पुरली आणि वर आंब्याचं कलम लावलं. जगदेवचा आंब्यावर भारी जीव. पहिलं कलम वर्षभरात गेलं. मागच्या महिन्यात दुसऱ्याचीही पानं करपायला लागली. धुऱ्याच्या बांधापलीकडे धाकट्या दिराचं, लखनचं वावर. तिथलं बोरीचं झाड मात्र हिरवंगार. एवढा पुरावा तिला पुरला. देवळासमोर चारचौघांत ती म्हणाली, "यानंच भावाचं झाड मारलं. धुरा सरकवाचा हाय याले."

लखन मान खाली घालून उठून गेला. चोराच्या मनात चांदणं, असं तिने मनाशी म्हटलं.

आज विष पकडायला तिने कृषी सहायक ज्योत्स्नाला मुद्दाम बोलावलं होतं. ज्योत्स्नाने पानाच्या जळालेल्या कडा पाहिल्या, खोडाभोवतीचा पांढरा थर नखाने खरवडला.

"मावशी, पाणी कोणतं देता?"

"नव्या बोअरचं. रोज दोन घागरी, डोक्यावर आणून राह्यली मी."

"तुमी पेता का ते?"

"मचूळ हाय. ढोरंबी तोंड लावत नाई."

"मंग आंबा कसा पेईन? मुळाशी मीठ साचलं. आंब्याले खारं चालत नाई. बोर, कडुनिंब तग धरते. विषबिष काई नाई."

सोजरबाई तिथेच खाली बसली. नवऱ्याच्या झाडाला इतके दिवस तीच मीठ पाजत होती. रडू आलं नाही, लाज वाटली.

आठ दिवसांनी रिसोडहून बोरीचं रोप आणून ती लखनच्या दारात गेली.

"भाऊजी, चुकलं माह्यं. चला, भावाचं झाड तुमच्या हातानं लावा."

लखन आला, पण धुऱ्यावरच थांबला.

"वरची खारी माती बाजूले टाका, वहिनी. खड्डा अजून वितभर खोल घ्या."

"तुमीच घ्या ना कुदळ."

"नाई. उद्या हेबी वाळलं त?"

त्याच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर तिला बरं वाटलं असतं.

"पाणी माह्या विहिरीतलं न्या, गोडं हाय," तो म्हणाला. "पण शेंदा तुमीच."

तिने कुदळ उचलली. रोप लागेपर्यंत लखन दोन्ही हात पाठीमागे बांधून उभा होता.