खारूच्या घड्या

बेकरीतली पाळी संपवून आई घरी आली, तेव्हा वाळलेल्या कपड्यांचा ढीग पलंगावर तसाच पडला होता आणि खारू चित्रं रंगवत बसली होती. खारू म्हणजे तिची तिसरीतली लेक. एका जागी बसेल तर शपथ, म्हणून हे नाव. घड्या घालायचं काम तिनं भांडून मिळवलं होतं. हवी होती खरं तर इस्त्री, पण "हात पोळण्यापेक्षा घड्या बऱ्या" हे आईचं म्हणणं तिला शेवटी पटलं होतं.

"नव्याचे नऊ दिवस," स्वयंपाकघरातून आत्याचा आवाज आला. आत्या खारूच्या बाबांची थोरली बहीण; उभा जन्म शिवणकामात गेलेला. "एवढ्याशा पोरीला कामं सांगून काय उपयोग?"

आई खारूशेजारी टेकली. "कंटाळलीस का गं?"

"नाही."

"मग?"

"मी घातलेल्या घड्या आत्या मोडते आणि पुन्हा घालते. मग मी कशाला घालू?"

आतला भांड्यांचा आवाज थांबला. आई उठून आत गेली.

"ताई, तुमच्या हाताची सफाई तिला एवढ्यात कुठून येणार? पण काम तिचं आहे. वाकड्या तर वाकड्या, मोडायच्या नाहीत."

"आणि माझा भाऊ चुरगळलेला शर्ट घालून कामावर गेला तर?"

"जाऊ दे की. शर्टच आहे."

आत्यानं नाक मुरडलं, पण आईचं ऐकलं. संध्याकाळी खारू घड्या घालत होती, तेव्हा एक बाही बाहेर लोंबत राहिली. आत्याचे हात शिवशिवले. तिनं ते काखेत दाबून धरले.

सकाळी बाबा निघाले, तर शर्टावर पोटापाशी आडवी चुणी. बाबांनी तिकडे न बघता चपला घातल्या. खारूनं मात्र दारापर्यंत जाऊन ती चुणी नीट पाहून घेतली.

शाळेतून आल्यावर पलंगावर पुन्हा कपड्यांचा ढीग. खारू शर्ट घेऊन थेट आत्यापुढे उभी राहिली.

"बाह्या आधी आत घ्यायच्या की नंतर?"

आत्याची कळी खुलली. "आधी वरचं बटण लाव. आता पालथा घाल. आण इकडे, मी..."

"तू हात लावू नकोस. नुसतं सांग."

"बरं बाई," आत्या म्हणाली आणि खुर्ची पलंगाजवळ ओढून सांगायला बसली.