शेजारच्या टेबलावरचा लाडका

मी जाफराबादला मच्छिंद्रच्या फोटो स्टुडिओत बसलेला जुना कॉम्प्युटर. २००१ साली त्यानं मला जालन्याहून एसटीत मांडीवर धरून आणलं. खड्डा आला की दोन्ही हातांनी कवटाळायचा.

चार वर्षं लाड झाले. मग काळा, चकचकीत नवा आला आणि मला भिंतीकडे सरकवलं. इंटरनेटची वायर त्याला, व्हायरस पकडणारा महागडा प्रोग्राम त्याला, दसऱ्याचा झेंडूचा हारही त्यालाच. माझा नुसता जळफळाट व्हायचा.

गावाचे सगळे फोटो आता त्याच्याच पोटात जायचे. झुंबरबाईची लेक सोनू बाळंतपणात गेली. पिंपळगाव रेणुकाईच्या जत्रेत काढलेला तिचा एकुलता एक फोटोही त्याच्याचकडे होता.

"मोठा करून दे बाबा, भिंतीला लावते," झुंबरबाई सांगून गेली.

दुसऱ्याच दिवशी मेलवर कुठलंसं चित्र आलं. मच्छिंद्रनं उघडलं. प्रोग्राम 'सगळं ठीक' म्हणत राहिला, आणि तासाभरात एकही फोटो उघडेना.

खरं सांगतो, मला आनंद झाला. बरी जिरली!

जालन्याहून दुरुस्तीवाला आबाराव आला.

"प्रोग्राम तर ताजा होता की!" मच्छिंद्र म्हणाला.

"तो वळखीचाच चोर धरतो. ह्यो बिलकुल नवा हाय. चित्र उघडणाऱ्या सिस्टीममधीच भोक हाय, बनवणाऱ्या कंपनीलाबी माहीत न्हवतं. बुजवायला एक दिवसबी भेटला न्हाई, म्हणून ह्याला झिरो-डे म्हणतेत." मग माझ्याकडे बोट दाखवून म्हणाला, "याच्यातबी तेच भोक हाय. वायर न्हाई म्हणून वाचला."

माझी ऐट तिथंच उतरली.

तेवढ्यात झुंबरबाई आली. "मावशी, फोटो गेला," मच्छिंद्र मान खाली घालून म्हणाला.

"मंग आता तिचं तोंड कुठं पाहू?"

तिनं पदरानं नव्याचा काळा पडदा पुसला. आत काहीच नव्हतं.

काही आठवड्यांनी कंपनीनं भोक बुजवलं. नवा पुन्हा उभा राहिला. पण आता मच्छिंद्र प्रत्येक फोटोची प्रत आधी माझ्यात ठेवतो, आणि मला वायर लावत नाही. तुम्हीही आपल्या माणसांची एक प्रत अशी अलग ठेवा. न दिसणाऱ्या भोकावर तेवढाच इलाज आहे.

गिऱ्हाईक अजून त्याच्याकडेच तोंड करून बसतं. मी अजूनही जळतो.

परवा झुंबरबाई सोनूच्या लेकराला घेऊन आली. फोटो निघाला, माझ्यात उतरला. ती पहिल्यांदाच माझ्याकडे वळली.

"ह्याच्यात फोटो राहीन ना रे बराबर?" तिनं मच्छिंद्रला विचारलं.

"राहील, मावशी," मच्छिंद्र म्हणाला.

शेजारच्या टेबलावर ऐकू गेलं असावं, एवढीच माझी इच्छा आहे.