सुनंदाबाईंचा डावा बूट

मी डावा बूट बोलतोय. पांढऱ्या कॅनव्हासचा, म्हणजे एकेकाळी पांढरा. उजवा माझ्या शेजारीच आहे, पण तो पहिल्यापासून मुखदुर्बळ, त्यामुळे दोघांचं बोलणं माझ्याच गळ्यात. पायातली वहाण पायातच बरी, असं तुम्ही म्हणता ते मला ठाऊक आहे. जन्मभर मी पायरी ओळखूनच वागलो. आज मात्र जरा ऐकून घ्या, कारण मी जे पाहिलंय ते पाहिलेलं या घरात आता दुसरं कुणी उरलेलं नाही.

बंगळूरच्या चिकपेटात एका दुकानात मी खोक्यात पडून होतो. एक दिवस पवित्रा आली. मला पायात घालून तिनं दुकानातच दोन उड्या मारल्या आणि वडिलांना म्हणाली, "अण्णा, हेच." तिचे वडील विठ्ठलराव. चिकपेटातच त्यांचं साड्यांचं दुकान. पिढ्यान् पिढ्या इथं मुरलेलं मराठी घर, उंबरठ्याच्या आत मराठी आणि बाहेर कानडी. मी राहायचो नेमका त्या उंबरठ्याला लागून, बाहेरच्या बाजूला. पेठेतली घरं अरुंद आणि लांबुळकी, खोल्या एकामागे एक. दारात बसलं की थेट चुलीपर्यंत दिसतं. हे लक्षात ठेवा, पुढं लागेल.

वर्षभर आमची चैन होती. पवित्रा कॉलेजच्या संघातून थ्रोबॉल खेळायची. चेंडू झेलायला ती अशी उडायची की जमीन मला फारशी लागायचीच नाही. मग एका सकाळी तिनं पाय घातला आणि मला तो आत घेता येईना. पाय सुजला होता. दोऱ्या सैल केल्या तरी घोट्यावर माझा वळ उठला. खेळून सुजला असेल, म्हणून तिच्या आईनं, सुनंदाबाईंनी, हळद-तेल चोळलं. चोळून उतरणारी सूज नव्हती ती. मोठ्या दवाखान्यात गेल्यावर कळलं, पोरीच्या दोन्ही किडन्या निकामी होत चालल्या होत्या.

ही चौऱ्याण्णव सालची गोष्ट. आठवड्यातून दोनदा तिला डायलिसिसला न्यावं लागे. ते किती दिवस चालणार? कुणीतरी किडनी द्यायला हवी होती. अण्णांचा रक्तगट जुळला नाही, आईचा जुळला. सुनंदाबाई तिथल्या तिथं म्हणाल्या, "उद्या घ्या." डॉक्टर म्हणाले, "उद्या नाही घेता येणार, बाई. तुमचं वजन फार आहे आणि साखर काठावर आहे. आधी अंगावरची चरबी उतरवा, मग मी हात लावीन."

पथ्य सोपं होतं सांगायला. भात नाही, चपाती नाही, नाचणीचा मुद्दा, म्हणजे इथला उकडलेल्या पिठाचा गोळा, नाही, साखर, गूळ, बटाटा काही नाही. पालेभाज्या, अंडी, मासळी, चिकन, ताक चालेल. आणि रोज झपझप चालायचं, कारण नुसतं खाणं तोडलं तर ताकद आधी जाते आणि चरबी मागं राहते. आता तुम्हीच सांगा, ज्या गावात भेटल्यावर पहिला प्रश्न "ऊट आयता?", म्हणजे जेवण झालं का, आणि जेवण म्हणजे भात, तिथं पन्नाशीच्या बाईनं भात सोडायचा म्हणजे काय? पोरीला भात चालत होता. आईला नव्हता. सुनंदाबाई पोरीच्या ताटात भात वाढायच्या, आणि ते हात लगेच धुऊन टाकायच्या.

बूट त्यांनी जन्मात घातला नव्हता. "साडीवर बूट? लोक हसतील गं," म्हणाल्या.

"हसू देत. चपला घालून लालबागेतला खडक चढणार आहेस होय?" पवित्रानं मला उचललं, आतला तळ काढून टाकला, म्हणजे आईचा रुंद पाय मावेल. मग उंबरठ्यावर बसून तिनं आईच्या बुटाच्या दोऱ्या बांधल्या. लहानपणी तिच्या शाळेच्या बुटांच्या दोऱ्या जी बांधायची, तिच्याच पायाशी आता ती बसली होती. दोघी हसत होत्या. मला मात्र त्या पायाचं ओझं कळलं आणि मी घाबरलो.

लालबाग म्हणजे इथली मोठी बाग, आत खडकाची टेकडीच आहे. शेजारच्या श्यामलाक्का सोबतीला येत. पहिल्या आठवड्यात भाताविना खडक चढताना सुनंदाबाईंच्या डोळ्यांपुढं अंधारी यायची. श्यामलाक्का मागून ओरडायच्या, "सुनंदाक्का, स्वल्प निधान री!" सावकाश, सावकाश. या "सरी, सरी", बरं बरं, म्हणायच्या आणि तेवढ्याच झपाट्यानं चढायच्या. मग श्यामलाक्का बाटलीतून मीठ घातलेलं ताक आणू लागल्या, तेव्हा कुठं अंधारी थांबली. वाटेत ओळखीचं कुणी "ऊट आयता?" विचारलं की सुनंदाबाई म्हणायच्या, "आयतु." झालं. खोटंच ते, पण कोण कोणाला सांगत बसणार.

आणि बाई उतरू लागल्या. दवाखान्यात काट्यावर चढताना मला बाहेर काढून ठेवत, पण मला काट्याची गरजच नव्हती. पाऊल पडलं की मला कळायचं. महिनाभरात माझ्यावरचा भार हलका झाला. डॉक्टर खूश झाले. असंच चाललं तर श्रावण संपेपर्यंत तारीख काढू, म्हणाले. घरात कितीतरी दिवसांनी रेडिओ लागला.

त्यानंतर वजन जे अडलं, ते अडलंच. पथ्य तेच, चालणं तेच. अण्णा डोकं धरून म्हणायचे, "घोडं कुठं पेंड खातंय तेच कळत नाही."

मला कळत होतं. मी दारातून पाहत होतो. ज्या दिवशी डायलिसिस नसे त्या दिवशी आमटी पवित्रा करायची. आई न्हाणीघरात गेली की ती डबा उघडायची, तांदळाचं पीठ पाण्यात कालवायची आणि आमटीत सोडायची. वर गुळाचा खडा. आमटी दाट व्हायची. सुनंदाबाई दोन-दोन वाट्या प्यायच्या आणि म्हणायच्या, "भात नाही तर नाही, माझ्या पोरीच्या हाताला चव आहे." पोर मान खाली घालून आपला भात चिवडायची.

वैरीण होती का ती? अहो, नाही. दर रविवारी ती मला पांढरा खडू लावायला पायरीवर बसायची. तेव्हा जवळपास कुणी नसायचं, म्हणून ती माझ्याशी बोलायची. एकदा म्हणाली, "दवाखान्यात माझ्या शेजारच्या मुलाला त्याच्या आईनं किडनी दिली. ती टेबलावरून उठलीच नाही रे. माझं जे व्हायचं ते होईल, पण अण्णांनी दोघींना एकदम पोचवायचं का? तू बोलू नकोस हं कुणाला." मी कुणाला बोलणार होतो?

आता बघा, एका घरात दोघी. एक पोरीसाठी चरबी झडवतेय, दुसरी आईसाठी ती टिकवतेय. दोघींची माया खरी. मध्ये मी.

वजन हटेना तेव्हा सुनंदाबाईंनी चालणं वाढवलं. सकाळी लालबाग, संध्याकाळी पुन्हा लालबाग. खडक एकदा चढायच्या, तो तीनदा चढू लागल्या. आतला तळ काढलेला, त्यामुळे माझी शिवण त्यांच्या टाचेला घासायची. मला कळत होतं, पण मी काय करू शकत होतो? टाच फुटली. बाईंनी आत कापूस कोंबला आणि चालत राहिल्या. घरी कुणाला म्हणून सांगितलं नाही.

त्या रविवारी पवित्रानं खडू लावायला मला हातात घेतलं आणि आत बोट घातलं. बोट लाल झालं. तिनं मला उराशी धरलं, मला, पायातल्या वहाणेला, आणि हमसून हमसून रडली. "माझं चुकलं," एवढंच म्हणत होती. उठून आत गेली आणि पिठाचा डबा फळीवर सगळ्यांत मागं सरकवला. त्या दिवशीपासून आमटी पातळ झाली. सुनंदाबाई म्हणाल्या, "आज हात कसा राखून घातलास गं?" ती म्हणाली, "डाळ कमी पडली, आई."

मग काय विचारता. वजन भराभर उतरलं. आता माझ्यात त्यांचा पाय सैल पडू लागला. काढलेला तळ पवित्रानं पुन्हा आत बसवला. नवरात्रात डॉक्टरांनी दिवाळीनंतरची तारीख दिली.

इकडं आयुधपूजेला ज्यानं त्यानं आपापल्या हत्याराला हळदकुंकू वाहायचं असतं. अण्णांनी दुकानातल्या कात्रीला आणि कापड मोजायच्या गजाला वाहिलं. पवित्रा करंडा घेऊन दारात आली आणि तिनं माझ्या टोकावर बोट टेकवलं. सुनंदाबाई आतून म्हणाल्या, "अगं, चपलेला कुंकू लावतात का कुठं?"

"तुझं हत्यार हेच ना आई?" म्हणाली. मग खाली वाकली आणि माझ्याजवळ हळूच बोलली, "ऑपरेशन झालं की आईला पहिला भात मी वाढणार. मऊ भात, वर वरण आणि ती थांब म्हणेपर्यंत तूप." आता तिला जगायचं होतं. माझ्या या कानांनी, म्हणजे दोरीच्या भोकांनी म्हणा, मी ते ऐकलंय.

दिवाळी चार दिवसांवर आली आणि तिला ताप भरला. डायलिसिसची सुई जिथं टोचायचे तिथून विष अंगात गेलं, असं म्हणाले. सुनंदाबाई मला घालून दवाखान्यात धावल्या. त्या दालनाबाहेर चपला काढाव्या लागत. मी बाहेर, दार बंद. आतून त्यांचा आवाज आला, "माझी आत्ता घ्या, मी उतरलेय, काट्यावर घालून बघा." पुन्हा पुन्हा तेच. त्यानंतर आवाज थांबला.

हातातोंडाशी आलेला घास गेला हो. त्या बाहेर आल्या, माझ्याजवळून गेल्या, मला पाहिलंच नाही. अनवाणीच घरी गेल्या. दुसऱ्या दिवशी अण्णा मला न्यायला आले. पिशवी आणायचं त्यांना सुचलं नव्हतं. ज्या माणसानं बायकोच्या चपलेला कधी पायही लागू दिला नसेल, त्यानं आम्हां दोघांना छातीशी धरून चिकपेटापर्यंत आणलं.

सुनंदाबाईंना वाटतं, दोष त्यांच्या अंगाचा. ते मधले महिने वजन अडलं नसतं तर श्रावणातच सगळं झालं असतं. "माझीच चरबी माझ्या पोरीच्या आड आली," म्हणतात. पुढं तीन वर्षं त्या मला घालून चालल्या. श्यामलाक्का विचारायच्या, "आता कशाला अक्का?" त्या दोऱ्या घट्ट करायच्या आणि खडक चढू लागायच्या. शेवटी माझा तळ फाटला आणि मोच्यानंही हात टेकले. टाकवेना म्हणून त्यांनी आम्हांला साडीच्या पिशवीत घालून स्वयंपाकघरावरच्या माळ्यावर ठेवलं. सगळा जन्म उंबरठ्याबाहेर काढला, आणि शेवटी मला आत घेतलं ते असं.

इथून मला त्यांचं ताट दिसतं. भाजी, अंडं, पातळ आमटी. चार वर्षं झाली, भाताचं शीत नाही. अण्णा वाढायला जातात, तर त्या ताटावर हात धरतात. वर्षातून एकदा, पवित्राच्या श्राद्धाला, त्या भात शिजवतात, पिंडापुरता. त्याची वाफ माळ्यापर्यंत येते आणि माझ्या टोकावरचा तो कुंकवाचा डाग ओला होतो.

पिठाचं सांगावं का, हा विचार मी पुष्कळ केला. सांगितलं तर आईवरचा दोष जाईल आणि पोरीवर येईल. ते आईला सोसायचं नाही. म्हणून ते माझ्यापाशीच राहू दे, तुम्हीही बोलू नका. पण कधी चिकपेटात आलात तर एवढं करा. विठ्ठलरावांच्या दुकानाच्या मागचंच घर. दारातून "ऊट आयता?" विचारू नका, आई "आयतु" म्हणेल आणि तुम्ही परत जाल. आत या, तिच्याजवळ बसा. म्हणावं, पवित्रानं तुमच्यासाठी भात राखून ठेवलाय, आयुधपूजेच्या दिवशी तसं बोलली होती. मग तिच्या ताटात वाढा. मऊ भात, वर वरण. आणि तूप वाढताना हात आखडू नका, ती थांब म्हणेपर्यंत वाढा.