आतल्या घडीवरच्या चार ओळी

मी एक चिठ्ठी बोलतेय. निळ्या कागदाची, कडा दुमडून चिकटवायची, आणि स्वभावानं जरा जास्तच चौकस. लोकांना वाटतं, तेच मला वाचतात. मीही त्यांना वाचत असते.

मला लिहिलं बद्रीनाथनं. साल १९९९. इकडे जालना जिल्ह्यात, पिंपळगाव रेणुकाईला ऊन मी म्हणत होतं, आणि तिकडे कारगिलच्या डोंगरात त्याच्या पेनातली शाई गोठली होती. काखेत धरून त्यानं रिफील उबवली, दारूगोळ्याच्या पेटीवर मला पसरलं आणि सुरुवात केली, 'तीर्थरूप दादांस साष्टांग नमस्कार.'

मला नवल वाटलं. मनात बायको आणि कागदावर बाप! पण त्यांच्याकडची रीतच ती, चिठ्ठी बापाच्या नावानं जायची. बायकोच्या वाट्याला आतली दुमडायची घडी. तिथं त्यानं चार ओळी लिहिल्या: 'दुर्गा, सुटी अर्धवट टाकून निघालो म्हणून तू बोलली नाहीस. आता आम्ही वर चढणार आहोत. तुझा राग गेला असेल तर कोऱ्या कागदावर अंगठा उमटवून पाठव. मी समजून जाईन.'

लढाईतली चिठ्ठी आधी साहेब तपासतात. साहेबांनी एका डोंगराचं नाव काळं केलं. मग घडीवरच्या ओळी वाचल्या, आणि त्यांना हातही न लावता मला गुमान बंद केलं.

गावी पोचले तर काय, लढाई सुरू झाल्यापासून चिठ्ठी घराची राहिलीच नव्हती, अख्ख्या गावाची झाली होती. रखमाजींचा ओटा माणसांनी भरला. रखमाजी म्हणजे बद्रीनाथचे वडील. चौथी पास, आवाज खणखणीत. डोंगर, बर्फ, तोफा, सगळं त्यांनी वाचलं. घडी उलगडली आणि त्यांचे ओठ मिटले.

"बाकी समदं बराबर हाये," म्हणाले आणि मला देवाच्या फोटोमागं खोचलं.

मी चाटच पडले! रागही आला. पण त्यांची अडचण मला कळत होती. मुलानं बायकोला लिहिलेलं सासऱ्यानं गावासमोर कोणत्या तोंडानं वाचायचं? दुर्गाला तर वाचता येत नव्हतं. आधीच्या चिठ्ठ्यांचंही असंच झालं होतं. बिचारीला वाटे, नवरा रागावलाय, नावसुद्धा काढत नाही. तिकडे त्याला वाटे, हीच रुसून बसलीय.

दाराआड उभी असलेली दुर्गा मात्र ऐकता ऐकता बघतही होती. सासऱ्यांचे ओठ थांबले तरी डोळे चालूच राहिले, हे तिनं बरोबर टिपलं.

दुसऱ्या दिवशी मी तिच्या कमरेला खोचलेली, अंगणवाडीच्या वाटेवर. तिथल्या सत्यशीलाताई मुलांना खाऊ वाटून नुकत्याच टेकल्या होत्या.

"ताई, ह्याच्यात माझं नाव कुठं हाये का?"

"हे काय, पह्यलाच शब्द. दुर्गा." सत्यशीलाताईंनी घडीवर बोट ठेवलं आणि हळू आवाजात चारही ओळी वाचल्या.

मला वाटलं ती रडेल. ती भडकली. "म्हंजी ते माझी वाट पाहून राह्यले, अन् मी इथं फुगून बसले! द्या ती शिक्क्याची शाई. दोन्ही अंगठे लावते."

"अगं, त्यांनी एकच मागितला."

"असू द्या. एक पुसला तर दुसरा ऱ्हाईल."

माझ्या पाठीवरचा पत्ता उतरवून सत्यशीलाताईंनी अंगठ्यांचं पाकीट टपालात टाकलं. मी परत फोटोमागं गेले. उत्तर काही आलं नाही. चिठ्ठ्याच थांबल्या. दुर्गा रेडिओपुढून हलेना.

लढाई संपली आणि एक दिवस बद्रीनाथ जिवंत परतला, हात गळ्यात बांधलेला. एसटीतून उतरतो न उतरतो तोच गावानं त्याला उचललं आणि रेणुकाईच्या देवळापुढं खुर्चीत बसवलं. घरी पाय टाकायलाही सवड दिली नाही. दुर्गा बायकांत बसली होती. त्यानं एकदाच तिकडं पाहिलं आणि मान खाली घातली. रखमाजींच्या खिशातून मी ते पाहिलं आणि ओळखलं. अंगठे त्याला पोचलेच नव्हते!

सरपंचांनी लढाईतली चिठ्ठी वाचायचा आग्रह धरला. रखमाजींनी वाचली आणि घडीपाशी थांबले.

"पुढं वाचा! पूर्ण वाचा!" लोक ओरडले. रखमाजींना घाम फुटला.

तेवढ्यात बायकांतून आवाज आला. सासऱ्यासमोर कधी तोंड न उघडलेल्या दुर्गाचा.

"मामा, ते नका वाचू. तेवढं माझं हाये."

बाया खुदकन हसल्या. रखमाजी उठले, सतरंजीवरच्या माणसांतून वाट काढत गेले आणि मला तिच्या हातात दिलं.

"घे माय. तुझंच हाये. जल्दी द्याया पाह्यजे होतं."

बद्रीनाथनं मान वर केली. म्हणजे तिला त्या ओळी ठाऊक होत्या, आणि ती बोलली होती. भर सभेत तो गडी रडला.

आता मी दुर्गाच्या पेटीत, लुगड्यांच्या घड्यांत असते. निळा रंग उडालाय, दुमडीवर विरलेय. सत्यशीलाताईंनी शिकवल्यापासून ती मला स्वतः वाचते, अक्षर अक्षर लावून. एकच गोष्ट मला अजून स्वस्थ बसू देत नाही: ते पाकीट गेलं कुठं? कुठल्या टपालथैलीच्या तळाशी पडलंय? तुमच्यापैकी कुणाला सापडलं तर एवढी कृपा करा, कोरा कागद म्हणून फेकू नका. पिंपळगाव रेणुकाईला पाठवून द्या. बद्रीनाथ अजून पोस्टमनला विचारतो. दुर्गानं त्याला सगळं सांगितलंय, पण त्याला ते अंगठे बघायचेत.